हललेली दप्तरे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत हे राज्य संपले. ग्वाल्हेर ही हिवाळ्यातली आणि इंदूर ही उन्हाळ्यातली राजधानी असलेले हे राज्य १९४८ साली जन्मास आले होते. जेमतेम आठ वर्षांत ते नव्या मध्य प्रदेशात विलीन झाले. राजधानी भोपाळला गेली. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपुरास, राजस्व मंडळ ग्वाल्हेरीस आणि लोकसेवा आयोग इंदुरास, अशी कचेऱ्यांची वाटणी झाली. कचेऱ्यांबरोबर कागदही हलले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी शिंदे-होळकरांच्या फडांत लेखणी चालविली, त्या आपल्यासारख्या घराण्यांतील अनेकांना पुढे निवृत्तिवेतनासाठी, इनामाच्या दाव्यासाठी किंवा नुसत्या जन्मतारखेसाठी या शहरातून त्या शहरात हेलपाटे घालावे लागले. ‘इकडून पाठविले आहे’ आणि ‘इकडे आलेले नाही’ ही दोन वाक्ये त्या पिढीने जितकी ऐकली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणी ऐकली असतील.

शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या माणसाच्या लक्षात हळूहळू येते की कागदांचा नाश वाळवी, आग आणि चोरी यांनी जितका होतो, त्याहून अधिक ते एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना होतो. माझ्या सेवेच्या काळात एका जिल्हा कचेरीचा अभिलेख जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलविण्यात आला. निघताना बस्ते मोजले गेले, पोहोचल्यावर पुन्हा मोजले गेले, आणि संख्या अचूक जुळली. तीन वर्षांनी एका जमिनीच्या वादात बस्ता उघडला, तेव्हा वरची चिठ्ठी बरोबर होती पण आत दुसऱ्याच गावचे कागद निघाले. मूळ मिसल कधीच सापडली नाही. ती पुन्हा उभी केली गेली ती प्रतिवादीच्या वकिलाने पूर्वी घेऊन ठेवलेल्या प्रमाणित नकलांवरून. सरकारच्या कागदाची सरकारबाहेर राहिलेली नक्कल सरकारच्या कामी आली.

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांची हकीकत पाहिली तर ती पुष्कळशी अशीच आहे. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला, आणि शिवछत्रपतींच्या राजधानीचे सलग दप्तर आपल्याला मिळाले नाही. १७६३ साली निजामअली पुण्यावर चालून आला तेव्हा पेशव्यांचे कुटुंब आणि चीजवस्तू सिंहगडाकडे हलविण्यात आल्या. पुणे लुटले गेले, जाळले गेले, आणि सिंहगडाच्या परिसरात झालेल्या जाळपोळीत मराठ्यांच्या इतिहासाचे पुष्कळ कागद नाहीसे झाले, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. सुरक्षिततेसाठी हलविलेले कागदच नष्ट व्हावेत हा त्यातला विपर्यास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८१८नंतर पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले, ते पुण्यात राहिले, आणि त्यातील निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३०पासून पुढील काही वर्षांत पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध झाले. पण त्याच्या कितीतरी आधी, १८९८ साली, इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला होता. पानिपतापर्यंतच्या दशकाची ती पत्रे सरकारी दप्तरातून आलेली नव्हती. ती खासगी घराण्यांच्या माळ्यांवरून आणि पेट्यांमधून बाहेर पडली होती. पत्र हे जात्याच दोन ठिकाणी नांदते: लिहिणाऱ्याकडे मसुदा वा नक्कल, आणि ज्याला लिहिले त्याच्याकडे मूळ. एका टोकाचे दप्तर जळाले तरी दुसऱ्या टोकाचे राहते. राजवाड्यांनी आयुष्यभर पायपीट केली ती या दुसऱ्या टोकांच्या शोधात.

हे सारे आठवण्याचे निमित्त जुन्या दप्तरांचे नाही, नव्या दप्तरांचे आहे. गेल्या तीसएक वर्षांत माणसांनी एकमेकांना लिहिलेला मजकूर, फोटो, गाणी, जुन्या कागदांची छायाचित्रे हे सारे सर्व्हर नावाच्या यंत्रावर जाऊन बसले आहे. सर्व्हर म्हणजे काय हे एव्हाना नातवंडांनी घरोघरी समजावून सांगितलेच असेल: कोठेतरी दूर, भाड्याच्या जागेत, अहोरात्र चालू असलेला संगणक. भाडे वाढले, कंपनी बदलली, यंत्र जुने झाले की त्यावरील सारे बिऱ्हाड दुसऱ्या सर्व्हरवर हलवावे लागते. आणि बिऱ्हाड हलले की जे १७६३मध्ये झाले, १९५६मध्ये झाले, तेच वेगळ्या रीतीने पुन्हा होते. ती रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण फडावरच्या कारकुनाला ती लगेच ओळखू येईल.

एखाद्या संकेतस्थळावर शेकडो सभासद लिहितात, छायाचित्रे जोडतात, असे समजा. पाहणाऱ्याला लेख आणि छायाचित्र एकाच पानावर दिसतात, म्हणून ते एकाच ठिकाणी असतील असे वाटते. वस्तुतः तसे नसते. लेखाचा मजकूर, लिहिणाऱ्याचे नाव, तारीख हे सर्व एका मोठ्या नोंदवहीत असते. तिला डेटाबेस म्हणतात. छायाचित्रे मात्र वेगळ्या कोठारात, फोल्डरमध्ये, सुटी पडलेली असतात. नोंदवहीत असते ते फक्त त्यांचे नाव आणि कोठाराचा पत्ता. आवक-जावक रजिस्टर एका खोलीत आणि नस्त्या दुसऱ्या खोलीत, तसाच हा प्रकार. हलविणारा मनुष्य घाईत असला की नोंदवही उचलतो आणि कोठार विसरतो. नव्या ठिकाणी सर्व लेख व्यवस्थित दिसतात, आणि जेथे आजोबांचे छायाचित्र होते तेथे एक रिकामी चौकट उभी राहते.

कोठार आणले तरी अडचणी संपत नाहीत. काही संगणकव्यवस्था रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर एकच मानतात, काही भिन्न मानतात. विंडोजवर वर्षानुवर्षे बिनबोभाट उघडणारी फाइल लिनक्सवर गेली की ‘सापडत नाही’ असे उत्तर येते. फाइल समोर पडलेली असते, केवळ तिच्या नावातले एक अक्षर मोठे असते. कधी फाइल असते पण तिची मालकी जुन्या यंत्रावरच्या खातेदाराच्या नावे राहते आणि नवे यंत्र ती दाखविण्यास परवानगी देत नाही. कोठीची किल्ली जुन्या कोठावळ्याच्या कमरेला राहावी तसे. फाइली वाहून नेण्याची एक जुनी पद्धत आहे, १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तयार झालेली. तिच्यात फाइल ‘मजकूर’ म्हणून पाठवायची की ‘जशीच्या तशी’ पाठवायची हे सांगावे लागते. छायाचित्र चुकून ‘मजकूर’ म्हणून पाठविले तर वाटेत यंत्र प्रामाणिकपणे ओळींच्या शेवटची चिन्हे बदलते, आणि पोहोचलेले छायाचित्र आकाराने जवळपास तेवढेच, पण कायमचे उघडेनासे झालेले असते.

या सर्वांहून फसवा प्रकार आणखी एक आहे. लेखांमध्ये छायाचित्राचा संपूर्ण पत्ता, जुन्या सर्व्हरच्या नावासकट, लिहिलेला असतो. स्थलांतर होते, सर्व पाने तपासली जातात, प्रत्येक छायाचित्र दिसते, हलविणाऱ्याचे अभिनंदन होते. पण ती छायाचित्रे अजून जुन्याच सर्व्हरवरून येत असतात. दोन-तीन महिन्यांनी जुन्या जागेचे भाडे भरणे बंद होते, यंत्र पुसले जाते, आणि एका सकाळी हजारो चौकटी एकदम रिकाम्या होतात. तेव्हा शोधाशोध सुरू होते, आणि तोवर मूळ उरलेले नसते. बस्त्यांची संख्या जुळली म्हणून निश्चिंत झालेल्या त्या जिल्हा कचेरीची येथे आठवण होते. म्हणूनच जाणकार लोक स्थलांतरापूर्वी प्रत्येक फाइलीचा एक प्रकारचा अंगठा घेऊन ठेवतात. फाइलीतील सर्व आकड्यांवर गणित करून एक छोटी संख्या काढायची. फाइलीत एक ठिपका जरी बदलला तरी ती संख्या बदलते. निघताना घेतलेले ठसे पोहोचल्यावर ताडून पाहिले की आतले कागद तेच आहेत की नाहीत ते कळते. काम कंटाळवाणे आहे, म्हणून ते सहसा कोणी करीत नाही.

हरवलेले परत मिळविण्याचा क्रमही आपल्या ओळखीचा आहे. प्रथम जुनी जागा: यंत्रावरून पुसलेली फाइल लगेच नष्ट होत नाही, तिची फक्त नोंद खोडली जाते, आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती शोधून काढता येते. म्हणून पहिला नियम असा की जुन्या यंत्राला हात लावू नये. मग सर्वांच्या सोयीच्या सार्वजनिक नकला: सॅन फ्रान्सिस्को येथील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था १९९६पासून जगभरच्या संकेतस्थळांच्या नकला करून ठेवीत आहे आणि २००१पासून त्या कोणालाही पाहता येतात. मात्र हा नक्कलनवीस दारावरून जाणारा आहे. जी पाने सभासदत्वाच्या कुलपाआड असतात तेथे त्याचा प्रवेश नसतो, आणि पुष्कळदा मोठ्या छायाचित्राऐवजी त्याची छोटी प्रतच त्याच्या हाती लागलेली असते. हे दोन्ही थकले की उरतात ती माणसे. कोणाच्या संगणकावर मूळ छायाचित्र आहे, कोणी लेख छापून ठेवला आहे, कोणाच्या टपालपेटीत सूचना म्हणून आलेला पूर्ण मजकूर पडून आहे. येथे पुन्हा राजवाड्यांची पायपीट सुरू होते.

देवनागरी मजकुरावर या स्थलांतरांत जे संकट येते ते इंग्रजी लिहिणाऱ्यांना माहीतच नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. संगणक अक्षरे ओळखीत नाही, आकडे ओळखतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर हे आधी ठरवावे लागते. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक संस्थेने १९९१ साली एक प्रमाण जाहीर केले, त्याच वर्षी जागतिक पातळीवर युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातही देवनागरी होती. पण १९९०च्या दशकात आपल्याकडील छपाईचे काम यांपैकी कशावरच झाले नाही. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि प्रत्येकाने रोमन अक्षरांच्या जागी आपल्या सोयीने मराठी अक्षरे बसविलेली. त्या फॉन्टात जुळविलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर नेली की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग दिसते. फाइल हरवलेली नसते, तिचे वाचक हरवलेले असतात. मोडीचे असेच झाले. ग्वाल्हेर-इंदूर-बडोद्याच्या कित्येक घरांत मोडी कागद जपून आहेत आणि वाचणारे कोणी नाही. मोडी निदान शिकता येते. बंद पडलेल्या कंपनीच्या फॉन्टातील कोणता आकडा कोणत्या अक्षराचा, याचा तक्ता मिळाला तर मजकूर एका दिवसात युनिकोडमध्ये आणता येतो. न मिळाला तर छापील अंक शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवीत तो तक्ता स्वतः तयार करावा लागतो. आमच्या मंडळाच्या जुन्या अंकांपैकी काहींच्या फाइली अशाच रीतीने वाचत्या झाल्या. छापील अंक एका वर्गणीदार कुटुंबाने वर्षवार बांधून ठेवले होते म्हणूनच ते शक्य झाले. मंडळाच्या स्वतःच्या कपाटात ते पूर्ण नव्हते.

युनिकोड आल्यावर हा प्रश्न मिटला असे वाटले, पण स्थलांतराने नवा प्रश्न उभा केला. युनिकोड साठविण्याच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन-तीन आकड्यांनी लिहिले जाते. आता संकेतस्थळांच्या नोंदवह्यांसाठी जी मायएस्‌क्यूएल नावाची प्रणाली सर्वाधिक प्रचलित झाली, ती स्वीडनमध्ये जन्मली. वेगळे काही सांगितले नाही तर मजकूर पश्चिम युरोपीय आहे आणि त्याची वर्णानुक्रमे मांडणी स्वीडिश रीतीने करायची आहे, असे ती २०१८च्या आवृत्तीपर्यंत धरून चालत असे. त्यामुळे जगातील असंख्य मराठी लेख वर्षानुवर्षे ‘स्वीडिश’ या शिक्क्याखाली साठविले गेले. जुन्या सर्व्हरवर ते नीट दिसत, कारण आत टाकताना आणि बाहेर काढताना चूक एकच होती आणि दोन चुका एकमेकींना पुसून टाकीत होत्या. नव्या सर्व्हरवर शिक्का बदलला की पडदा फाटतो.

मोडतोड दोन प्रकारची असते, आणि त्यांतला भेद ज्याला कळतो त्यालाच मजकूर वाचविता येतो. पहिल्या प्रकारात प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र युरोपीय चिन्हे दिसतात. पान पाहून छातीत धस्स होते, परंतु हा प्रकार बरा; मूळ आकडे शाबूत आहेत, केवळ वाचणारा चुकीचा चष्मा लावून बसला आहे. मजकूर जुन्या शिक्क्यानेच बाहेर काढून योग्य शिक्क्याने आत टाकला की अक्षरन्‌अक्षर परत येते. दुसऱ्या प्रकारात पान स्वच्छ दिसते. फक्त अक्षरांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे असतात. येथे यंत्राने अनोळखी अक्षर आले की ते टाकून देऊन त्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलेले असते. मूळ आकडा गेला. आता कोणताही तंत्रज्ञ काही करू शकत नाही. जुनी नक्कल असेल तरच उपाय. आणि घाबरलेला मनुष्य पहिल्या प्रकारच्या मोडतोडीवर अर्धवट उपाय करीत बसला की तिचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर होण्याचा संभव असतो.

आता मोठ्या प्रमाणावर काय घडते त्याचे एक उदाहरण. अमेरिकेत २००३ साली ‘मायस्पेस’ नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. हौशी आणि नवोदित गायक-वादकांनी आपली गाणी तेथे ठेवावीत, लोकांनी ती फुकट ऐकावीत, अशी सोय होती. २००५ साली ते अठ्ठावन्न कोटी डॉलरांना विकले गेले; २०११ साली पुन्हा विकले गेले तेव्हा किंमत साडेतीन कोटींच्या आसपास उरली होती. मालक बदलले, कर्मचारी गेले, यंत्रे जुनी झाली. मार्च २०१९मध्ये जगाला कळले की सर्व्हर हलविण्याच्या कामात तीन वर्षांहून जुनी गाणी, छायाचित्रे आणि चित्रफिती नाहीशा झाल्या आहेत. दिलगिरीची एक छोटी सूचना लावण्यात आली आणि आपापल्या नकला जपून ठेवण्याचा सल्ला देण्यात आला. २००३ ते २०१५ या बारा वर्षांतील, सुमारे एक कोटी चाळीस लाख कलावंतांची पाच कोटींहून अधिक गाणी गेली असा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. एवढा साठा ठेवण्याचा खर्च टाळण्यासाठी अपघाताची ढाल पुढे केली असावी, असा संशय काही जाणकारांनी उघडपणे बोलून दाखविला. मला तो अगदीच अनाठायी वाटत नाही. जुने कागद ‘स्थलांतरात गहाळ’ झाल्याची नोंद सोयीची पडते तेव्हा ती किती सहज होते, हे मी पाहिलेले आहे.

त्यांतली काही गाणी परत आली, ती अनपेक्षित वाटेने. २००८ ते २०१० या काळात संगीताच्या जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यापीठीय गटाने आपल्या संशोधनासाठी मायस्पेसवरील गाणी उतरवून घेतली होती. गाणी जतन करणे हा त्यांचा हेतू नव्हता. संशोधन झाले, साठा तसाच पडून राहिला. नुकसानीची बातमी आल्यावर त्यांनी आपले नाव प्रकट न करता तो साठा ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या स्वाधीन केला, आणि एप्रिल २०१९मध्ये तो लोकांसाठी खुला झाला: चार लाख नव्वद हजार गाणी. आकडा मोठा वाटतो; गेलेल्या गाण्यांच्या मानाने तो शेकडा एकच्या आसपास भरतो. उरलेल्या नव्व्याण्णवांतील कित्येकांची दुसरी प्रत गाणाऱ्याच्या घरी असेल. ज्यांनी ‘तेथे ठेवले आहेच’ म्हणून घरची प्रत पुसली, त्यांचे गेले.

याउलट दुसरी घटना, माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत समाधानाची. १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी विद्यापीठांच्या संगणकांना दूरध्वनीने एकमेकांचे संदेश पोहोचविण्याची एक योजना आखली. तिचे नाव युजनेट. १९८०पासून ती चालू झाली. हिच्यात मध्यवर्ती दप्तर नव्हते. प्रत्येक संदेश या संगणकावरून त्या संगणकावर हस्ते परहस्ते जाई, आणि त्या वेळी साठवणीची जागा अत्यंत महाग असल्याने थोड्याच दिवसांत सर्वत्र पुसला जाई. ज्यांनी ही व्यवस्था उभी केली त्यांनाच जुने संदेश राखण्याचे कारण दिसले नव्हते. गप्पांचा इतिहास कोण ठेवतो?

कॅनडातील टोरंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाचा संगणक सांभाळणारे हेन्री स्पेन्सर यांना मात्र हे पुसणे जिवावर येई. तांत्रिक चर्चा पुढे उपयोगी पडतील असा त्यांचा साधा हिशेब होता. १९८१पासून त्यांनी जुने संदेश पुसण्यापूर्वी चुंबकीय फितींवर उतरवून ठेवण्यास आरंभ केला, आणि दहा वर्षे, १९९१पर्यंत, ते काम चालू ठेवले. एकशे एकेचाळीस फिती झाल्या. प्राणिशास्त्राशी त्यांतील बहुतेक मजकुराचा काडीमात्र संबंध नव्हता. विभागाने त्या कपाटात राहू दिल्या, हे त्या विभागाचेही उपकारच. पुढे पश्चिम ऑन्टॅरिओ विद्यापीठातील डेव्हिड वाइझमन यांनी त्या फिती आपल्या मालवाहू गाडीत घालून लंडन या गावी नेल्या (हे लंडन कॅनडातले), आणि तोवर दुर्मिळ झालेल्या जुन्या यंत्रावर त्या एकामागून एक वाचून काढल्या. सुमारे वीस लाख संदेश हाती आले. येथेही एक स्थलांतर झाले, पण मूळ फिती हातच्या सोडल्या नाहीत आणि शेवटची फीत वाचून होईपर्यंत कोणी काही पुसले नाही.

१९९५पासून एक खासगी कंपनी युजनेटचे संदेश साठवू लागली होती. २००१च्या फेब्रुवारीत गूगलने तो साठा विकत घेतला, त्याच वर्षाच्या अखेरीस स्पेन्सर यांच्या फितींतील व इतरांनी जपलेला मजकूर त्यात मिळविला, आणि वीस वर्षांचे सत्तर कोटी संदेश शोधता येतील असे दप्तर लोकांपुढे आले. आधुनिक संगणकयुगाच्या बालपणाविषयी आज जे काही मूळ आधारांनिशी लिहिले जाते, त्यातील पुष्कळसे या दप्तरावर उभे आहे. स्पेन्सर यांच्या फिती १९८१पासून सुरू होतात. त्याआधीचा आरंभकाळ त्यांत नाही.

एक शंका मात्र मनात राहते. ते संदेश लिहिणाऱ्यांना वाटत होते की आपले शब्द आठवडाभरात विरून जाणार आहेत. तरुणपणी रागाने वा थट्टेने लिहिलेले वीस वर्षांनी नावानिशी समोर आले तेव्हा अनेकांना ते आवडले नाही. पेशवाईतील पत्रांच्या शेवटी ‘हे पत्र वाचून फाडावे’ अशी सूचना कधीकधी आढळते, आणि ती सूचना आपण वाचू शकतो याचा अर्थ घेणाऱ्याने ती पाळली नाही. अशी पत्रे इतिहासकाराला सर्वांत मोलाची वाटतात. लिहिणाऱ्याच्या इच्छेचे काय, या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नाही; पण फाडण्याचा निर्णय माणसाने घेणे वेगळे आणि तो भाडेकरार संपल्यामुळे आपोआप होणे वेगळे, इतके मला दिसते.

युजनेटवर आपल्या भाषेचाही एक गट होता. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या लांबलचक नावाखाली १९९०च्या दशकात परदेशी विद्यापीठांत शिकणारी आणि नोकरी करणारी मराठी मुले तेथे जमत. देवनागरी उमटविण्याची सोय नव्हती, म्हणून मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहिला जाई: ‘ळ’साठी मोठे ‘एल’, दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा, ज्याची त्याची वेगळी पद्धत. त्या वेळच्या भाषाभिमान्यांना ते पाहवत नसे, आणि मलाही रोमन मराठी वाचताना दाताखाली खडा आल्यासारखे होते. पण रोमन लिपीची ती साधी अक्षरे कोणत्याही शिक्क्याखाली, कोणत्याही सर्व्हरवर तीच राहतात. त्याच दशकात आपल्याकडे सुबक देवनागरी फॉन्टांत जुळविलेल्या कितीतरी फाइली आज चिन्हांच्या रांगा होऊन पडल्या आहेत. तो कुरूप रोमन मजकूर मात्र जेवढा साठविला गेला तेवढा एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे, एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाऊनही अक्षर न मोडता राहिला. २२ फेब्रुवारी २०२४पासून गूगलने युजनेटचे नवे संदेश घेणे बंद केले. त्यापूर्वीचे जुने संदेश तेथे पाहण्यासाठी ठेवलेले आहेत. ज्यांचे भाऊ-भाचे त्या काळी अमेरिकेत होते, त्यांनी एकदा तेथे शोध घेऊन पाहावा आणि ओळखीचे काही सापडलेच तर ते छापून घरच्या पेटीत ठेवावे.